स्पेंट

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानामागे
माझं टेबल. पाटीवर तीन भाषा.
त्यातली पोलिश वाचून लोक आत डोकावतात,
पॉलिशचं काम करता का, शिसवी पलंग आहे.

हिरामण गांगुर्डे नीट वाचून आला होता.
अंबडला वेल्डर, वय एकेचाळीस.
एजन्सी लंडनची, गोदी पोलंडची,
पिशवीत निकालाची सही-शिक्क्याची नक्कल:
कलम तीनशे सव्वीस, एक वर्ष सक्तमजुरी,
साल दोन हजार चार.
आणि फॉर्मात एक रकाना, त्यात टाइप केलेलं,
कन्व्हिक्शन: स्पेंट.

स्पेंट. खर्च झालेली.
इंग्रजांच्या हिशेबात गुन्हा ही रोकड असावी,
रोज थोडी मोडायची, वर्षं सरली
की खिसा उलटा करून दाखवायचा.

पोलिशमध्ये ती खर्चत नाही, घासतात.
झातार्चे. खोडरबराने
कागद पातळ होईस्तोवर.
वर कायदा म्हणतो, ही शिक्षा न्येबिवे समजावी.
न झालेली. झालीच नव्हती.
हा शब्द मी वूचच्या कापडगिरणीत शिकले,
सत्त्याऐंशी साली. माझी घरमालकीण
पहिल्या नवऱ्याबद्दल वापरायची.

आपल्याकडे दोषसिद्धी.
टाइप करताना दरवेळी हात अडतो,
जणू तपोवनात कुणी बारा वर्षं
एका पायावर उभं राहून दोष मिळवला.
मग ती भोगायची.
सुखही भोगतो आपण, कर्मही, शिक्षाही,
ताट एकच.

तुम्ही काय म्हणता याला, मी विचारलं.
म्हणाला, मिटलं ते.
पिंपळगावच्या मार्केटात, टेम्पोचा नंबर कुणाचा
यावरून. हातात हमालीचा आकडा होता.
पोपट आहेराच्या भुवईत घुसला.
आठ दिवसांत गावात मिटलं,
पण केस सरकारची, सरकारचं मिटत नाही.
नाशिकरोडला आत गेलो, वेल्डिंग तिथंच शिकलो.
(पासपोर्टही त्याच नाशिकरोडला छापलेला,
ते मी बोलले नाही.)

मिटलं.
डोळे मिटतात, छत्री मिटते, भांडण मिटतं.
मिटलेलं असतंच, फक्त बंद असतं.
याला पोलिश नाही.
दोन कोश उघडले, मिटले.

झातार्चे लिहिणं सोपं होतं.
शिक्का माझा, तिकडे तपासणार कोण.
रामकुंडात म्हणे हाड विरतं,
इथे एका शब्दात एक वर्ष विरलं असतं.
मी त्याला खरं ते सांगितलं:
आपल्याकडे असं पुसायचा कायदा नाही,
त्यांच्याकडे शब्द आहे.
पुसलं, असं लिहू?

तो बराच वेळ झेरॉक्सचा हिरवा उजेड
काचेखाली सरकताना बघत राहिला.
नको मॅडम.
पोपट्या आहे अजून. भुवई अर्धीच आहे त्याची.
माझ्या पोरीच्या बारशाला पेढे त्यानं आणले.
मी तिकडं पुसलं लिहून जायचं,
आणि त्यानं रोज आरशात काय वाचायचं?

म्हणून लिहिलं, कारा ओद्बिता.
शिक्षा भोगून पुरी.
खाली टीप, मूळ शब्दाला अचूक पर्याय नाही,
का नाही, ते सात ओळींत.
टिपेचे पैसे घेतले नाहीत.
घेतले असते तर बरं झालं असतं,
रात्री ती परत वाचली, दोन ओळी नुसत्याच माझ्या होत्या.

जाताना त्यानं गावाचं नाव पुन्हा विचारलं,
बॉलपेननं तळहातावर उतरवलं: ग्दिन्या.
थुंकी लावून मधलं अक्षर पुसलं, परत काढलं,
हात झटकला,
आणि म्हणाला, बाहेर गाडी लावलीय मॅडम,
टोइंगवाले येतात का इथं?